ऑफिसातल्या बायकांचा पगार नेमका कुठे मागे पडतो?

मकरपुरावाली: बडोद्याला मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पेरोल बघते. परवा जुनी पगारपत्रकं चाळली. 80 च्या दशकात एक बाई आणि एक गृहस्थ बरोबरच क्लार्क म्हणून लागले, बेसिक दोघांचं सारखं. 90 नंतर बघावं तर त्या गृहस्थांचा पगार बाईंच्या जवळजवळ दीडपट! समान वेतनाचा कायदा तर 1976 पासूनच होता. मग हे झालं कसं?

रावपुऱ्याच्या काकू: अगं, बेसिक नको, हुद्द्याचा रकाना बघ. मीही अशाच एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. 1986 ला मॉडव्हॅट आलं, म्हणजे कच्च्या मालावर भरलेली एक्साइज ड्यूटी तयार मालाच्या ड्यूटीतून वजा करायची सोय. त्याचा हिशेब ठेवायचं आरजी-23 चं रजिस्टर माझ्याकडे. पावत्या जुळवणं, क्रेडिट काढणं, सगळं मीच करायची. पण रेसकोर्सच्या एक्साइज ऑफिसात कागद घेऊन जायचा तो बरोबरचा पुरुष, म्हणून 'एक्साइज असिस्टंट' तो झाला. ग्रेड वरची, इन्क्रिमेंटही मोठं. मी माझ्या ग्रेडच्या कमाल आकड्याला टेकले आणि तिथेच राहिले. विचारलं तर म्हणाले, "बाईमाणसाला कुठे बाहेर पाठवायचं?" मला कुणी विचारलंच नव्हतं. अजून राग येतो. ग्रॅच्युइटीही शेवटच्या बेसिक आणि महागाई भत्त्यावर, नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराएवढी मिळाली, म्हणजे तिथेही कमीच.

जुना युनियनवाला: काकूंचं अगदी खरं. 1976 च्या कायद्यात आधी पगार आणि भरती एवढंच होतं. बढती, प्रशिक्षण, बदली हे शब्द 1987 च्या दुरुस्तीत आले. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाचा ऑड्रे डिकोस्टा निकाल लागला. त्या मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्टेनो होत्या. तिथे बाई स्टेनोंना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार होता. युनियनशी तसा करार झालाय, हे कंपनीचं म्हणणं कोर्टाने मानलं नाही. परवडत नाही, हेही नाही.

मकरपुरावाली: काकू, मग मी नेमकं काय काढू?

रावपुऱ्याच्या काकू: प्रत्येकाची पहिल्या बढतीची तारीख काढ. त्याआधी कोणकोणत्या टेबलावर बसवलं होतं तेही लिही. स्टोअर्स, डिस्पॅच, एक्साइजला किती बायका फिरल्या ते मोज. आणि त्या बाई हयात असतील तर घरी जाऊन विचार, काम कोण करत होतं. पगारपत्रकात ते सापडायचं नाही.