मदत हवी आहे: लॅब्राडॉरला सोबत घेऊन धावायला सुरुवात कशी करावी?

नमस्कार मंडळी,

इथे धावण्याचे धागे भरपूर आहेत, भुभूंचेही आहेत. दोन्ही एकत्र कुठे सापडले नाहीत, म्हणून हा नवा धागा.

मी चाळिशी ओलांडलेली, बस पकडण्यापलीकडे कधी न धावलेली. सध्या 'काउच टू फाइव्ह के' करतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कधीच न धावलेल्यांना ५ किलोमीटर पळण्यापर्यंत नेणारा ९ आठवड्यांचा कार्यक्रम, आठवड्यातून ३ दिवस. सुरुवातीला ५ मिनिटं भरभर चालायचं, मग १ मिनिट पळायचं, दीड मिनिट चालायचं, असं आलटून पालटून २० मिनिटं. घरात बंड्या आहे. लॅब, वय १४ महिने, वजन ३४ किलो. त्याला ठेवून निघाले की दाराशी बसून अख्खी सोसायटी उठवतो. व्हेटनीही वजन उतरवायला सांगितलंय. म्हटलं, दोघांचं एकदमच होऊन जाईल.

कसलं काय! अ‍ॅप कानात 'पळा' म्हणतं आणि साहेब चारही पाय रोवून खांब हुंगत उभे. माझं चालणं सुरू झालं की त्यांना पळायचं असतं. पट्टा मनगटाला गुंडाळते, तर आता खांदा धरलाय. कोथरूडला राहतो. टेकडीपर्यंतचा रस्ता डांबरी, आणि मधे चहाच्या टपरीपाशी चार-पाच भटकी कुत्री वाट अडवून बसलेली असतात. तिथे मी थांबावं की जोरात निघून जावं?

मुख्य प्रश्न असा, की मी माझा कार्यक्रम पाळू की त्याचा? सकाळी त्याला खायला आधी द्यायचं की नंतर? आणि या वयात त्याला पळवणं बरोबर आहे ना? 'कुत्राच तो, पळेल की' हे सासूबाईंनी सांगून झालंय, ते सोडून बोला. :)

पहाटवारा:
ताई, अ‍ॅप तुम्ही घेतलंय, त्याने नाही. पहिली १० मिनिटं सरळ त्याला देऊन टाका. हुंगू दे, शी-शू उरकू दे. तुमचं वॉर्मअपही त्यातच होतं. मग पट्टा आखूड करून त्याला कायम एकाच बाजूला घ्यायचं आणि ठरलेला एकच शब्द म्हणून निघायचं. आमच्याकडे 'चलो' आहे. मधल्या दीड मिनिटातही हुंगणं बंद. हुंगायचं ते 'जा' म्हटल्यावरच. चार-सहा वेळा गोंधळ घालेल, मग कळतं त्यांना.

मनगटाला पट्टा गुंडाळणं आजच बंद करा. मांजर दिसलं आणि ३४ किलोचा झटका बसला तर मनगट जाईल. कमरेला बांधायचा पट्टा आणि त्याला जोडलेली लवचीक दोरी मिळते, ती घ्या. त्याला गळपट्ट्याऐवजी हार्नेस. पुढून इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा बघा, म्हणजे खांदे मोकळे राहतात. छातीवर आडवा पट्टा येणारा पळण्यासाठी नको.

सोनचाफा_१२:
प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून थोडं वेगळं मत. मोठ्या जातींची हाडं साधारण दीड वर्षापर्यंत वाढत असतात. लॅबमध्ये खुब्याचा त्रास मुळातच जास्त, त्यात याचं वजन. स्वतःच्या मर्जीने मातीत हुंदडणं वेगळं आणि डांबरावर माणसाच्या वेगाने सलग पळणं वेगळं. तुमचं १ मिनिट-दीड मिनिट मातीच्या वाटेवर चालून जाईल, पण पुढच्या आठवड्यांत सलग २० मिनिटं येतील तेव्हा त्याला घरी ठेवा. दीड वर्षाचा झाला की व्हेटना खुबे दाखवा, मग वाढवा. वजन पळवून नाही, वाटीतून उतरतं. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत.

खाणं नंतरच, तेही धाप पूर्ण बसल्यावर. भरल्या पोटी पळवू नका, मोठ्या कुत्र्यांत जठराला पीळ पडण्याची भीती असते आणि ते जिवावर बेततं. पाणी मधेमधे थोडं थोडं.

पहाटवारा:
सोनचाफा, वयाचं मान्य. माझा देशी आहे आणि तीन वर्षांचा, तो हिशोब वेगळा.

भटक्यांबद्दल राहिलंच. तिथे धावू नका. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्यांचा स्वभावच. वीस पावलं आधीच चालायला लागा, बंड्याला पलीकडच्या बाजूला घ्या, डोळ्यांत डोळे घालू नका. रस्ता ओलांडता आला तर उत्तम. रेबीजची लस वेळेवर हवीच. आणि वर वेताळ टेकडीवर मोर असतात, पट्टा सोडायचा नाही!

धागाकर्ती:
दोघांचे आभार. म्हणजे तूर्त आठवड्यातले दोन दिवस मी एकटी आणि एक दिवस बंड्यासोबत, तोही टेकडीवरच. सकाळी जमलं नाही तर संध्याकाळी ऑफिसहून आल्यावर नेलं तर?

सोनचाफा_१२:
एप्रिल-मे मध्ये नको. डांबर दिवसभर तापलेलं असतं. तळहाताची मागची बाजू ७ सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवलं नाही तर त्याच्या पंजांनाही नाही. कुत्र्यांना घाम जवळजवळ येतच नाही, धापा टाकूनच अंग थंड करतात. जीभ रुंद होऊन लोंबायला लागली, लाळ चिकट झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या किंवा झोकांड्या जायला लागला, तर तिथेच सावलीत थांबवा, अंगभर साधं पाणी ओता, वारा घाला आणि मग दवाखाना गाठा. पावसाळ्यात ऊन नसतं, पण दमट हवेत धापेचा उपयोग कमी होतो. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यात आणि कानांमागे गोचीड बघायच्या, आणि लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार) लस झाली नसेल तर जूनआधी देऊन घ्या.