म्हणे चुंबकं आहेतच!

विद्युत्_वेडा: डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत हायड्रोजन इंधनाच्या गोळीवर २.०५ मेगाज्यूल लेझर मारून फ्यूजनमधून (अणुकेंद्रं एकमेकांत जोडून) ३.१५ निघाले आणि जगभर पेढे वाटले. लेझरने सॉकेटमधून ओढलेली वीज ३०० मेगाज्यूलच्या आसपास, ती कुणी मोजायची? त्यापेक्षा गोळीवर बिस्मथ या जड धातूच्या आयनांचा, म्हणजे भारित अणूंचा, झोत मारा. आयनांना वेग देणारा अ‍ॅक्सिलरेटर वीज कमी खातो, सेकंदाला पाच-दहा शॉट देऊ शकतो. झोत गोळीवर आणायला चुंबकं आहेतच. अडलंय फक्त पैशावर.

सोलेनॉइडकर: "चुंबकं आहेतच" वाचलं आणि राहवलं नाही. गोळीत ४ मेगाज्यूल घालायचे, १० नॅनोसेकंदांत, एकेक भार असलेल्या ४ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आयनांनी: करंट येतो १ लाख अँपिअर. शंभर झोतांत वाटला तरी प्रत्येकी हजार. सगळे धनभारित, एकमेकांना ढकलणारे. शेवटचं चुंबक गोळीपासून काही मीटर लांबच, जवळ आणलं तर न्यूट्रॉन त्याची वाट लावणार. तिथून दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका साधायचा. शिवाय एवढ्या कमी वेळात बसेल इतका झोत आखूड करायला शेपटीला डोक्यापेक्षा जास्त वेग द्यावा लागतो, आणि वेग वेगळा झाला की चुंबक त्यांना एका जागी एकवटतच नाही.

विद्युत्_वेडा: प्लाझ्मातून, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉन-आयनांच्या वायूतून, न्या की मग. इलेक्ट्रॉन धनभार झाकतात. अमेरिकेत बर्कलीला एनडीसीएक्स-१ या प्रायोगिक अ‍ॅक्सिलरेटरवर पोटॅशियमचा झोत असाच पन्नासपट आखूड केलाय, वाचा जरा.

सोलेनॉइडकर: वाचलंय. मिलिअँपिअरवाला झोत होता तो. अभिनंदन.

जुना_पंपवाला: झोताच्या नळीतल्या व्हॅक्यूमचं कुणीच बोलत नाही. झोताची कड नळीला घासली की इलेक्ट्रॉन आणि वायू सुटतो, झोत बिघडलाच. आमच्याकडे प्रेशर उतरेना, गळती शोधायला रात्रभर फ्लँजभोवती (नळ्यांच्या जोडाभोवती) हेलियम फवारत बसलो. जोडातल्या रबरी ओ-रिंगवर एक केस निघाला! साहेब मात्र "पंप बदला" म्हणत होते.

काडीपेटी: ओ-रिंग? अजून? तांब्याचं गॅस्केट लावा.

जुना_पंपवाला: ते एकदा दाबलं की फेकायचं. नव्यासाठी पर्चेसची सही तुम्ही आणता का?

काडीपेटी: नटबोल्टचे पाने फिरवणाऱ्यांनी फ्यूजनवर बोलू नये.

जुना_पंपवाला: बरं. मग तुमचा झोत हवेतूनच न्या.

सोलेनॉइडकर: ओ-रिंगचा वेगळा धागा काढा रे. वेडाराव, वीज कमी खातो हे मान्य, घ्या तेवढं. पण गोळी फुटते त्या कक्षात वितळलेल्या मिठाच्या धारा सोडणार ना भिंत वाचवायला? त्या वाफेत आयनांचे आणखी इलेक्ट्रॉन सोलले जाणार, भार वाढणार, झोत आणखी फुगणार.

विद्युत्_वेडा: तिथेही प्लाझ्मा आहेच की!

सोलेनॉइडकर: हजार अँपिअरवर दाखवा, पेढे मी वाटतो.

जुना_पंपवाला: काडीपेटी, गॅस्केट स्वस्त कुठे मिळतं ते तरी सांगा.