मे महिन्यात हरिश्चंद्रगडावर पहिला मुक्काम

प्रश्न: मी आणि माझी बहीण मे महिन्यात सॅक पाठीवर घेऊन प्रथमच हरिश्चंद्रगडावर मुक्कामी जाणार आहोत, वाट कोणती धरावी आणि पाणी किती न्यावे?

उत्तर १: गड १४२४ मीटर उंच असला तरी दुपारी कातळ तव्यासारखा तापतो, त्यामुळे पाचनईची सोपी वाट धरून पहाटेच निघावे. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांब पडते आणि नळीची वाट (अरुंद, खड्या घळीतून चढणारी) नवख्यांसाठी नाहीच.

उत्तर २: ताई, माणशी चार लिटर पाणी न्या. गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांतले पाणी उन्हाळ्यात तळाला गेलेले असते, म्हणून ते फडक्याने गाळून उकळावे. लिंबू, मीठ आणि साखर सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा. (पहिल्या खेपेला मी दोन जाड चादरी वाहिल्या, त्यांची घडीही मोडली नाही.)

प्रश्नकर्ती: आभारी आहे. मग गडाचा कोकणाकडे तोंड केलेला उभा कडा, कोकणकडा, ऊन कलल्यावरच पाहू.