ऑफिसात, शेजारात आपणहून येशूबद्दल बोलावं का?

नगरकर_पुण्यात
माझं बालपण नगरच्या एका ख्रिस्ती मंडळीत गेलं, नोकरी पुण्यात. शेजारच्या टेबलावरच्या मित्राशी अकरा वर्षं डबा वाटून खातोय, पण मी कुणावर विश्वास ठेवतो हे त्याला कधी सांगितलं नाही. डबा उघडण्याआधीची प्रार्थनासुद्धा डोळे चोळल्यासारखं करून उरकायचो. गेल्या महिन्यात त्याची आई वारली. स्मशानातून परत येताना गाडीत त्याने विचारलं, "मरणानंतर तुमच्यात काय मानतात रे?" मी म्हणालो, "सगळीकडे सारखंच," आणि सिग्नलवरच्या गर्दीबद्दल बोलायला लागलो. त्या रात्री मला झोप लागली नाही.
चांगला डॉक्टर सापडला तर आपण चार जणांना आपणहून सांगतो. मग ज्या आशेवर मी माझ्या वडिलांना मूठमाती दिली, ती लपवून का ठेवायची? माझं मत पक्कं झालंय. आपण बोलायला हवं, कुणी विचारण्याची वाट न बघता.

वसईची_नर्स
दादा, तुमच्या मित्राने तर विचारलं होतं. विचारल्यावर गप्प बसणं आणि न विचारता बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही एकीची भरपाई दुसरीने करताय.
मी कॅथलिक आहे. गळ्यात क्रूस असतो, तो मी लपवत नाही. पण वॉर्डात मी स्वतःहून येशूचं नाव काढत नाही. सलाइन लावलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याची पाठ पुसायची, चादर बदलायची, रात्री तीन वाजता हाक मारली तर कपाळाला आठी न घालता जायचं. माझ्यासाठी हीच माझ्या विश्वासाची साक्ष.

सातारी_वाचक
मी हिंदू आहे, धागा वाचून राहवलं नाही. वडील आयसीयूत असताना एक गृहस्थ बाहेरच्या बाकावर माझ्या हातात धर्मप्रचाराची पत्रिका ठेवून म्हणाले, औषधाने नाही, विश्वासाने बरे होतील. मी तेव्हा सही करायची की नाही या विचारात होतो, ऑपरेशनच्या कागदावर. वडील गेले. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. तुमच्यातल्या कुणाला हे प्रेम वाटत असेल, पण माझ्यावर तो वार होता.

नगरकर_पुण्यात
दादा, वाचून वाईट वाटलं. जे बरं करण्याचं वचन आपल्या हातात नाही ते देणं चूकच. त्याची बाजू मी घेणार नाही.

जालन्याची_लेक
सगळे म्हणताय, विचारल्यावरच बोला. मी कशी विचारणार होते? नवरा रोज पिऊन यायचा, माहेरी जायची सोय नव्हती. नळावर पाणी भरताना शेजारच्या मावशी एक दिवस म्हणाल्या, "पोरी, तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते. रविवारी येतेस का?" मी काही विचारलं नव्हतं. असं काही विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. पहिल्या वेळी मी नाही म्हणाले. त्यांनी परत विषय काढला नाही, पण माझी घागर उचलून द्यायच्या त्या देतच राहिल्या. चार महिन्यांनी मीच म्हणाले, येते. बाप्तिस्मा तर त्यानंतर तीन वर्षांनी घेतला. मावशी त्या दिवशी सभ्यपणे गप्प राहिल्या असत्या तर मी आज कुठे असते, याचं उत्तर वसईच्या ताईंनी द्यावं.

वसईची_नर्स
ताई, खरंच उत्तर नाही माझ्याकडे. एवढंच दिसतं, की तुम्ही नाही म्हटल्यावर मावशी थांबल्या आणि घागर मात्र सोडली नाही.

वकील_नाशिक
कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण लोक एक तर उगाच घाबरतात नाहीतर उगाच बेफिकीर राहतात. घटनेच्या कलम 25 मध्ये धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. 1977 मध्ये स्टेनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. मित्राच्या प्रश्नाला उत्तर देणं हे समजावून सांगणंच आहे.

नगरकर_पुण्यात
मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं उदाहरण घ्या. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही सांगून टाकलं. 1895 मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. टिळक काही विचारायला गेले नव्हते. तो माणूस संकोचला असता तर मराठी ख्रिस्ती उपासनेत आज टिळकांची भजनं नसती.

वसईची_नर्स
आगगाडीच्या त्या डब्यातल्या गप्पा संस्कृत काव्यावरून सुरू झाल्या, हे विसरू नका. त्या प्रवाशाला समोरच्या माणसाच्या आवडीच्या गोष्टीत रस होता. पुढचं वाचन, विचार, सगळं टिळकांचं स्वतःचं. आणि लक्ष्मीबाईंचं काय? नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने त्यांचा संसार मोडला, कित्येक वर्षं ताटातूट सोसली. त्या ख्रिस्ती झाल्या त्या पुढे, स्वतःला पटल्यावर. टिळकांइतकं प्रभावी बोलणारा माणूस घरात असूनही त्यांना त्यांचा वेळ लागलाच.

सातारी_वाचक
नळावरच्या त्या मावशी मला भेटल्या असत्या तर राग आला नसता, हे मात्र खरं. नगरकर, तुमच्या मित्राला उत्तर द्या. त्या प्रश्नाचं उत्तर मलाही तेव्हा हवं होतं, फक्त पत्रिकेवर नको होतं.

नगरकर_पुण्यात
काल फोन केला. म्हटलं, त्या दिवशी तू विचारलंस आणि मी टाळलं, माझ्या मनाला लागलंय. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, शनिवारी जेवायला येतो, तेव्हा सांग. आता हे विचारतो, जेवणाआधीची प्रार्थना त्याच्यासमोर मोठ्याने करू का?

वसईची_नर्स
घरात रोज करता तशीच करा. फक्त वाढायच्या आधी त्याला सांगून ठेवा, नाहीतर बिचाऱ्याचा पहिला घास हातात राहील.