बाभळीच्या पाल्याने शेळ्यांचे जंत आटोक्यात येतील का?

बांधावरचा: ३० उस्मानाबादी शेळ्या, दिवसभर चराई. पावसाळ्यात लेंडी तपासली तर गोल जंतांची अंडी भरपूर निघाली. बांधावर बाभूळ, बोर, सुबाभूळ आहे. पाला किती द्यायचा, किती दिवस? जंतनाशक बंद करता येईल का?

लेंडीतपास: नुसत्या अंड्यांवरून जात कळत नाही, पण पावसाळ्यात बहुधा हिमोंकसच, चौथ्या पोटात रक्त पिणारा. एक मादी रोज ५ ते १० हजार अंडी घालते. तुरट पाल्यातलं टॅनिन तिथेच उपयोगी पडतं: अंडी कमी पडतात, लेंडीतल्या अळ्याही कमी वाढतात.
३० किलोच्या शेळीला कोरड्या हिशेबाने, म्हणजे चाऱ्यातलं पाणी वगळून, दिवसाला १ किलोच्या आसपास चारा लागतो. त्यातला पाव हिस्सा बाभूळ-बोरीचा, म्हणजे हिरवा पाला साधारण ६०० ग्रॅम. चार-पाच दिवसांत वाढवत तिथवर न्या आणि पुढे ३-४ आठवडे सलग द्या. दोन दिवस देऊन सोडला तर हाती काही लागत नाही. फांद्या उंच टांगा; खाली टाकल्या की लेंड्यांत तुडवल्या जातात.

चारा_हिशेब: दादा, जास्त तितकं चांगलं असं मात्र नाही. एकूण कोरड्या चाऱ्यात टॅनिन २ ते ४ टक्के ठीक. ५-६ च्या पुढे गेलं की शेळी चारा टाकते, प्रथिनं टॅनिनला बांधली जाऊन पचत नाहीत, वजन थांबतं. मेंढ्या असतील तर निम्म्यापासून सुरुवात करा, त्यांना तुरट कमी सोसतं. सुबाभळीत अडचण मिमोसिन या विषारी घटकाची, त्याने केस गळतात. ती प्रथिनासाठी द्या, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत.

बांधावरचा: मग डोस?

लेंडीतपास: बंद नाही, निवडून. पोटातले मोठे जंत पाल्याने झटक्यात पडत नाहीत. दर १५ दिवसांनी डोळ्याची खालची पापणी उलटून बघा. पांढुरकी दिसली किंवा जबड्याखाली पाणी उतरलं, तर त्या शेळीला त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून डोस. वजन काट्यावर करा; अंदाजाने डोस कमी पडतो आणि जंत औषधाला सरावतात. १०-१४ दिवसांनी पुन्हा लेंडी तपासा. अंडी ९५ टक्के घटली नसतील तर ते औषध तुमच्या कळपात चालत नाही, दुसऱ्या गटातलं औषध घ्या.

चारा_हिशेब: आणि सकाळी दव वाळल्याशिवाय कळप सोडू नका. अळ्या ओल्या गवताच्या खालच्या चार बोटांत असतात.