कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसलं, पण फोटोत नुसतं पांढरं!

रानवाटा_७७:
मंडळी, गेल्या शनिवारी पाचनईवरून हरिश्चंद्रगड केला, रात्री वर तंबूत राहिलो आणि सकाळी चहा अर्धा टाकून कोकणकड्यावर पळालो कारण खालून ढग वर येताना दिसत होते. आठ-सव्वाआठला पाठीमागून ऊन आलं आणि समोर ढगात माझी सावली, डोक्याभोवती रंगीत गोल, त्याच्या बाहेर अजून एक फिकट. काटा आला राव अंगावर. जेमतेम तीन-चार मिनिटं, तेही ढग विरायचा परत यायचा असं. चाळीसेक फोटो मारले, सगळे फोनच्या ०.५ वर (सगळ्यात रुंद लेन्स), म्हटलं इंद्रधनुष्य अख्खं मावायला पाहिजे. घरी बघतो तर पांढऱ्या कापसात टिकलीएवढा रंगीत डाग. काय चुकलं?

आणि दुसरं म्हणजे माझ्यापासून दोन-तीन पावलांवर मित्र उभा होता, तो शपथेवर सांगतो की गोल त्याच्या सावलीच्या डोक्याभोवती होता, माझ्याभोवती काहीच नव्हतं. उतरताना पार पाचनईपर्यंत भांडलो यावरून. कोण बरोबर?

फिजिक्सवाली_काकू:
दोघंही बरोबर रे बाबांनो, भांडू नका 😄

हा गोल ढगावर काढलेला नसतोच. ढगातले बारीक थेंब उजेड जवळजवळ आल्या वाटेनेच माघारी पाठवतात, म्हणजे तुझ्या डोळ्यापर्यंत येणारे रंग हे सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध दिशेच्या आजूबाजूचे, आणि त्या दिशेला तुझ्या स्वतःच्या डोक्याची सावली असते. मित्राला त्याच्या डोळ्यापुरता त्याचा. दुसऱ्याचा गोल कुणालाच दिसत नाही.

आता गंमत सांगते. फोटोत मधोमध डोकंसुद्धा नसतं, कॅमेऱ्याची सावली असते! हात उंच करून फोटो काढला असशील आणि ढग जवळ असेल तर नीट झूम करून बघ, मधे फोन धरलेली मूठ येते आणि डोकं जरा खाली सरकलेलं दिसतं. विमानातसुद्धा तसंच, खाली ढगावर विमानाची सावली दिसत असेल तर गोलाचा मध्य तिच्यावर जिथे पडतो तिथे आपली सीट. मी शाळेतल्या पोरांना हेच सांगते, मुंबईहून दिल्लीला सकाळच्या विमानाने जाताना डावीकडची खिडकी मागा, ऊन उजवीकडून येतं.

आणि इंद्रधनुष्य वेगळं बरं का. ते पावसाच्या मोठ्या थेंबांचं, मध्यापासून ४२ अंशांवर. इंद्रवज्र धुक्यातल्या थेंबांचं आणि आकाराने फारच लहान, थेंब जितके बारीक तितका गोल मोठा. जाता जाता, स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस डोंगरावर १८९४ साली सी. टी. आर. विल्सनने असलेच गोल पाहिले आणि प्रयोगशाळेत ढग बनवायच्या नादाला लागला, त्यातून क्लाउड चेंबर (अणूहून बारीक कणांच्या वाटा दाखवणारं यंत्र) आलं आणि १९२७ चं नोबेल.

लेन्सपुसणी:
काकूंनी उत्तर देऊनच टाकलं, ०.५ हीच चूक. हात लांब करून मूठ धर, ती साधारण १० अंश. तुझा आतला गोल एक-दोन मुठीत संपतो आणि तू १०० अंशांहून रुंद लेन्स लावून बसलास. पुढच्या वेळी २ किंवा ३ वर जा, ०.५ ठेव पावसाळी इंद्रधनुष्यासाठी, तिथे ते खरंच लागतं.

अजून एक, धुक्यात फोन फोकससाठी चाचपडतो, म्हणून आधीच लांबच्या कड्यावर बोट दाबून लॉक करायचं, एक्स्पोजर थोडं खाली ओढायचं, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारं सेटिंग) ऑटोवरून काढून डेलाइट. रॉ (फोनने हात न लावलेला कच्चा फोटो) निघत असेल तर रॉच काढ. फोन स्वतःच्या अकलेने धुकं गुळगुळीत करतो आणि त्यात फिकट रंग धुऊन जातात, रॉमधे नंतर कॉन्ट्रास्ट वाढवला की बाहेरचा दुसरा गोलसुद्धा वर येतो. आणि लेन्स पूस!!! माझ्या पहिल्या इंद्रवज्राचे सगळे फोटो दवाने धुरकट आलेत, गळ्यात पंचा होता आणि एकदाही पुसली नाही, अजून जीव जळतो.

घाटमाथा_आप्पा:
वेळेबद्दल कोणी बोललं नाही. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून तिथे हे सकाळीच. लोक संध्याकाळी सूर्यास्ताला कड्यावर बसतात आणि विचारतात इंद्रवज्र कधी, अरे सूर्य समोर असताना सावली तुमच्या मागे पडणार ना. सकाळीसुद्धा जितका उशीर तितका सूर्य वर आणि गोल तितका खाली दरीत, मग पोरं बघायला कडेला वाकतात. कडा आतून पोकळ आहे, काठावर उभं राहायचं नाही, पालथं झोपून बघायचं आणि पाय कोणीतरी धरायचे. ऐन पावसाळ्यात ऊनच नसतं, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर बरा.

आणि ते "कर्नल साईक्सला १८३५ साली इंद्रवज्र दिसलं" असं या इंग्रज अधिकाऱ्याबद्दल सगळीकडे छापतात, ते साल त्याचा दख्खनच्या हवामानावरचा लेख रॉयल सोसायटीने छापल्याचं आहे. साहेब त्याच्या आधीच विलायतेला परत गेला होता, म्हणजे गडावर त्याने पाहिलं ते त्याही आधी.

रानवाटा_७७:
काकू, आत्ता सगळे फोटो परत चाळले. एका फोटोत मी खरंच हात वर केलेला आहे आणि गोलाच्या मधोमध मूठ आहे, डोकं खाली! मित्राची सावली तर बाजूला, गोलाच्या पार बाहेर. ग्रुपवर टाकलाय, दोन निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही.

आप्पा, पाय धरायची आयडिया भारी पण आम्ही दोघंच जातो, आणि सध्या तो माझे पाय धरेल असं वाटत नाही.

लेन्सपुसणी:
तो फोटो इथे पण टाक की. आणि पाचनईचा रस्ता आता कसा आहे, छोटी गाडी गावापर्यंत जाते का?

रानवाटा_७७:
जाते, शेवटी जरा खड्डे आहेत, हळू न्या. फोटो रात्री टाकतो.