ठासणीच्या बंदुका जमवणाऱ्यांचं मंडळ काढायचंय

साताऱ्यात आम्ही सहाजण आहोत. कुणाकडे तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडणारी बंदूक, कुणाकडे पणजोबांची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायची. महिन्यातून एकदा माझ्या ओसरीवर जमायचं, असा बेत आहे. कायद्याचं लचांड मागे लागेल का? आणि गंज काढायला पॉलिश पेपर चालतो का?

जुनाबार: पॉलिश पेपरला हात लावू नकोस, बाबा! मी एकदा दस्त्यालगतची चांदीची नक्षी अशीच घासून घालवली. बायको अजून टोमणे मारते. मऊ फडकं, हलकं तेल आणि सबुरी, बस.

कायद्याचं म्हणशील तर १९५९ च्या शस्त्र कायद्यातलं कलम ४५ वाच. जुनी आहे एवढ्यावर सूट मिळत नाही. दुरुस्त करूनही उडणार नाही, अशी हवी. उडण्याजोगी असेल तर परवाना लागतोच, आणि २०१९ पासून परवान्यावर दोनच बंदुका, वारसाहक्काच्या धरून. तेव्हा आधी वकील गाठ, मग चहा ठेव.

ओसरीवाला (प्रश्नकर्ता): काका, एकीच्या नळीत दारू ठासायचा गज पूर्ण जात नाही. गंज असेल?

जुनाबार: थांब! गजावर तोंडापाशी खूण कर, मग तो बाहेरून नळीला लावून बघ. रंजकाच्या भोकापर्यंत, म्हणजे मागे जिथून दारू पेटवतात तिथपर्यंत पोचत नसेल, तर आत बार, म्हणजे दारू-गोळी, ठासलेला असू शकतो. शंभर वर्षांची काळी दारूसुद्धा पेटते. खरवडू नकोस, तोंड माणसांकडे करू नकोस, पोलीस ठाण्याला कळव. ओसरीवर तर मुळीच आणू नकोस.

ओसरीवाला: चार बोटं कमी पडतोय. फोन करतो.